लिंबाच्या दोन जोड्या

वसमतला लिंब म्हटलं की
माणसं वर बघतात, झाडाकडं.
मैदानावर एकच आहे, कडू, थोराड.
त्याच्याखाली आमचं बाकडं, पाण्याचा जार,
आणि आज गोणपाटावर मांडलेले
हे दुसरे लिंब, धनुष्याचे:
वरचा-खालचा, वरचा-खालचा.

पहिली जोडी सुलोचना इंगोलेची.
ती पोलिसात लागली, जाताना देऊन गेली.
आत मॅपलचं लाकूड, टोकाला रंग उडालेला,
खालच्यावर बॉलपेननं 'सु',
घामानं अर्धा पुसलेला.

दुसरी मुनीर सरांनी नांदेडहून आणली,
आठ दिवसांच्या बोलीवर.
कार्बन, आत फोम. काळी, हलकी.
टिचकी मारली तर आवाज बाहेरच्या बाहेरच परततो.
किंमत मी एकदाच विचारली.

सहा बाण हिचे, सहा बाण तिचे.
मधे दोरी उतरव, दोरी चढव,
पट्टी लावून उंची मोज, साइट हलव.
नवीला साइट चार रेघा वर न्यावी लागते,
इतकी घाई आहे तिला.

जुनी शेवटच्या दोन इंचांत अडते,
फुगलेल्या दारासारखी. खांदा लावावा लागतो.
नवी हनुवटीपर्यंत एका चालीत येते
आणि क्लिकर वाजतो तेव्हा
मी अजून श्वासाच्या मध्यावर असते.

दुपारी दोन वाजता
शिजवलेल्या हळदीचा वास यार्डातून इकडं सरकतो,
पत्र्यावर ऊन वाजायला लागतं,
आणि सुलोचनाची जोडी मऊ पडते.
सत्तर मीटरवर बाण उतरतात
सहाच्या निळ्यात, एकामागं एक,
पाणी प्यायला निघालेल्या शेरडांसारखे.
नवीला उन्हाचं काहीच नाही.
तिचे चार पिवळ्यात, दोन रेघेला चिकटून.

पण बोट दोरीत रेंगाळलं
तर जुनी झाकून घेते, लालात ठेवते.
नवी चुगली करते. तिथल्या तिथं,
सगळ्या मैदानासमोर.
ही गोष्ट वहीत कुठल्या रकान्यात लिहायची
मला कळलं नाही.

संध्याकाळी अण्णा आले, बाजार समितीतून,
केसांत, भुवयांत, कानाच्या पाळीवर पिवळे.
तीस वर्षं मापाडी.
लेबल वाचून म्हणाले, "अडतीस पौंड म्हणजे किती?"
सतरा किलो वर.
"कुणी तोललं?"
मी म्हटलं, कंपनीनं.
ते हसले नाहीत. सायकलच्या पिशवीतून ताणकाटा काढला,
आकडा दोरीत अडकवला.
"ओढ. तू ओढतीस तेवढंच ओढ."

पंधरा किलो नऊशे.

लेबल अठ्ठावीस इंचांचं असतं, सर म्हणाले,
हिची ओढ साडेसव्वीस.
म्हणजे छापलेलं वजन
दुसऱ्याच कुणाच्या हाताचं,
माझ्यापेक्षा दीड इंच लांब हाताचं,
कुठल्या देशात राहतो तो, काय की.
"मापात पाप नाही," अण्णा म्हणाले,
"पण माप तुझं नाही."

मग जुनी.
लेबलावर छत्तीस. काट्यावर चौदा सहाशे.
पाच वर्षांत कुणी न चोरता गेलेलं वजन.
अण्णांनी 'सु' वरून अंगठा फिरवला.
"ही पोरगी लई बाण मारायची," एवढंच.

निवड चाचणीला अकरा दिवस.
बोली संपायला दोन.
मी षटकोनी चावी घेतली, जुनीचे बोल्ट
अर्धा आटा आवळले, वरचा, खालचा,
पुन्हा दोरी, पुन्हा काटा.
लाकूड आतून कुरकुरलं, की मला वाटलं.
"कामून थांबलीस? ओढ."
काटा थरथरत वर चढला, थांबला.

पंधरा शंभर.
तोलाईच्या चिठ्ठीवर लिहितात तसं
अण्णांनी माझ्या वहीत लिहिलं, खाली सही केली.
आणखी पाव आटा शिल्लक आहे बोल्टात.
तो उद्या दुपारी दोनला,
ऊन असताना.